डोंग्याचा थांबा

उरकुडाजींनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि डोंगा पात्राच्या मधोमध थांबला.

मी बाजूच्या शेडच्या दारात उभा होतो. वैशाखातली दुपार होती. पात्राच्या तळाशी ऊन असं थरथरत होतं की खरंच पाणी भरलंय असं वाटावं. त्या पाण्यावर एक राखाडी डबा आडवा उभा होता. त्याला अजून रंग लागला नव्हता, खिडक्यांना काचा नव्हत्या. खिडक्यांतून पलीकडचं आकाश दिसत होतं. एका खिडकीतून चिमणी आत गेली आणि दुसरीतून बाहेर आली. डोंग्याच्या केबिनमध्ये सुगंधाबाई वलथरे उभ्या होत्या. एक हात दांड्यावर, पदर कमरेला खोचलेला, नजर समोर.

त्यांची परीक्षा चालू होती. परीक्षेत मधे थांबायचं नव्हतं.

हा डोंगा नदीतला नव्हे. सावरखंड्याला छोट्या लाइनीचे डबे दुरुस्त करणारं रेल्वेचं वर्कशॉप होतं, तिथला. मी तिथे मॅनेजर म्हणून गेलो तेव्हा कागदावर त्याचं नाव ट्रॅव्हर्सर होतं. लांबलचक उथळ खड्डा, खड्ड्यात रूळ, रुळांवर एक लोखंडी फलाट आणि फलाटाच्या टोकाला ड्रायव्हरची केबिन. डबा फलाटावर चढवायचा आणि फलाटाने डब्यासकट बाजूला सरकत जायचं. डबा जन्मभर पुढे जातो किंवा मागे जातो. आडवा जातो तो फक्त इथे.

कामगारांत बरेचजण वैनगंगेच्या काठच्या ढीवरांच्या, म्हणजे नावाडी-मासेमारांच्या, वस्त्यांतले होते. त्यांनी फलाटाला डोंगा केलं होतं आणि खड्ड्याला पात्र. ज्या टोकाला आजारी डबे येत ते ऐल. ज्या टोकाला रंगशाळा होती ते पैल.

"गाडी पैल गेली का?" मीही महिन्याभरात असंच विचारू लागलो.

"गेली जी."

हजेरीपटावर निम्म्या माणसांच्या नावापुढे 'खलाशी' असं लिहिलेलं असे. रेल्वेत मदतनिसाला खलाशी म्हणतात. समुद्र त्यांतल्या एकानेही पाहिलेला नव्हता. पण दुपारच्या त्या झळांत तो राखाडी डबा आवाज न करता आडवा तरंगत जाताना पाहिला की हा शब्द इथे कोणी चुकून लिहिलाय असं वाटत नसे.

डोंगा चालवणारा एकच माणूस होता, डोमाजी वलथरे. मी आलो तेव्हा त्याची नोकरी अर्ध्याहून जास्त झाली होती. कमी बोलायचा. डावा गुडघा दुखरा होता, म्हणून केबिनच्या शिडीवरून पाठमोरा उतरायचा, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग खालची पायरी. मी एकदा म्हटलं, "डोमाजी, डॉक्टरला दाखवा." तो म्हणाला, "डॉक्टर म्हणते, शिडी नोको चढू. मंग डोंगा कोण चालवंल, डॉक्टर?"

ड्रायव्हरला केबिनमधून खालच्या रुळाचं टोक दिसत नाही. ते दिसतं समोर काठावर उभ्या असलेल्या माणसाला. तो हातांनी सांगतो, ये, सावकाश, अजून, आणि शेवटी रुळाला रूळ भिडला की ओरडतो, "लागला!" मग लोखंडी खीळ टाकायची. डोमाजीसमोर वर्षानुवर्षं उरकुडाजी बोंद्रे उभे राहत. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे. दोघांमध्ये बोलणं असं नव्हतंच. पात्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते हात.

परीक्षेच्या आधीच्या हिवाळ्यात डोमाजी तापाने गेला. ताप डोक्यात चढला म्हणाले. रजेवर गेला तो परत आला नाही.

दुसऱ्या वर्कशॉपातून उसना ड्रायव्हर आणावा लागला. आणि अनुकंपेवर, नवऱ्यामागे मिळणारी नोकरी म्हणून, डोमाजीची बायको सुगंधाबाई आल्या. खलाशी म्हणून. पहिले काही दिवस त्या पाण्याच्या हंड्याजवळ बसल्या. मग एक दिवस माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, डोंग्याची जागा रिकामी हाये ना?"

"आहे."

"मंग मले शिकू द्या."

"ते यंत्र आहे, बाई."

"माझ्या बापाचा डोंगा होता जी. खरा. पूल झाला तवा बंद पडला. काठाला कसं लावा लागते ते मले समजते."

मी हसलो नाही, पण हसू आलं होतं हे त्यांना दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "काठ लोखंडाचा हाये, एवढाच फरक."

उसना ड्रायव्हर शिस्तीचा माणूस होता. जेवणाच्या सुट्टीत रिकामा डोंगा त्यांच्या हातात देई. डबा चढवलेला, भरला डोंगा द्यायची परवानगी परीक्षा झाल्याशिवाय नव्हती. मी मुख्यालयाला लिहिलं, परीक्षा घ्या. उत्तर आलं, एकदाच घेऊ. नापास झाल्यास उसना ड्रायव्हर कायम करावा आणि बाईंना जंक्शनवर खलाशी म्हणून पाठवावं. इथे दुसरी जागा नव्हती. जंक्शन म्हणजे रात्रभराचा प्रवास, क्वार्टर सोडायचं, आणि सासू. सासूने सांगून टाकलं होतं, मी इथून हलत नाही, तुम्ही कुठंही जा. क्वार्टरची रांग वर्कशॉपच्या तारेच्या कुंपणाला लागूनच होती. करंजाखाली उभं राहिलं की पात्र दिसे. डोमाजी असताना दुपारी त्या करंजाखाली एक बाई जेवणाचा डबा घेऊन उभी असायची, आणि डोंग्यावरून जाता जाता डोमाजी हात वर करायचा. मी ते पाहिलं होतं. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या गाडीने मुख्यालयाचे परीक्षक पुराणिक साहेब आले. नागपूरचे, गोलमटोल, हातात छत्री, खिशात कांदा.

"ऊन लागत नाही कांद्याने," ते म्हणाले. "तुम्ही घाटावरचे लोक विश्वास नाही ठेवत."

"ठेवतो साहेब. खिशाला वास येतो, म्हणून नाही ठेवत."

"बाई चालवणार म्हणे डोंगा?"

"चालवतात."

"इंगवले, मी बाईंच्या विरुद्ध नाही हो. माझ्या घरी सगळं बाईच चालवते. पण तिथे समोर कोणी हात दाखवत उभा नसतो. कोणाची हिंमतच नाही." ते स्वतःच हसले, मग कागद उघडला. "ऐलवरून भरलेली उचलायची, न अडखळता पैल न्यायची, रुळाला रूळ लावायचा. पहिल्या फटक्यात खीळ पडली पाहिजे. बस्स. मधे बंद पडली, थांबली, हिसका दिला, तर नापास. बरोबर?"

"बरोबर."

"सही करा मग. तुमची जबाबदारी, माझी सुटका."

चहाच्या आधी मी पात्राकडे एक फेरी मारायला गेलो. डोंग्याच्या आडोशाला सुगंधाबाई आणि उरकुडाजी बोलत होते. मी पलीकडे होतो. त्यांना मी दिसत नव्हतो.

"मामाजी, आज नोको," बाई म्हणत होत्या. नातं नव्हतं, वयाच्या मानाने त्या उरकुडाजींना मामाजी म्हणत. "आजच्या दिवस नोको. पुढं पाहू."

"पुढं कधी, सूनबाई? तुयी ऑर्डर यायले पाऊस लागंल. अन मी या महिन्यात घरी. मंग कोण देईन? तो परका होता, त्यानं नाही म्हटलं. आज तू हायेस, मी हावो. पुन्हा आपून दोघं अथी नसू."

"पण साहेब लोक हायेत."

"साहेब लोकाईले काय समजते!"

मी खाकरलो. उरकुडाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ऊन लई हाये आज, साहेब." मला वाटलं, पेढे द्यायचं चाललंय. हा माणूस महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. पास झाल्यावर पेढे, नाहीतर निवृत्तीचे पेढे. मी सोडून दिलं.

जेवणानंतरचा भोंगा झाला आणि परीक्षा सुरू झाली. पुराणिक साहेबांनी ऐलला, टेबलाजवळ, कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची मांडली होती. उरकुडाजी पैलला, नेहमीच्या जागी. मी मधे, बाजूच्या दारात. डबा डोंग्यावर चढला. खिळी निघाल्या. सुगंधाबाईंनी पायाने घंटा वाजवली. एकदा. डोंगा हलला.

हलला हेही कळलं नाही. आधी वाटलं रंगशाळाच जवळ येते आहे. राखाडी डबा माझ्या डोळ्यांसमोर आला तेव्हा त्याच्या रिकाम्या खिडक्यांतून पलीकडच्या शेडची दारं एकेक करून सरकत होती, जणू गाव प्रवासाला निघालं होतं आणि डबा नुसता उभा राहून बघत होता. मोहाचा गोडसर वास येत होता. शेडमध्ये हातोडे पडत होते, रिव्हेटचा आवाज, कानशीचा आवाज, पण दुपारच्या उन्हात ते लांबून आल्यासारखे. उरकुडाजींचा उजवा हात कमरेशी हलत होता. ये. ये. ये.

मग त्यांनी दोन्ही हात वर नेले.

रेल्वेत याचा एकच अर्थ आहे. धोका, थांब. हे हात कोणीही दाखवले तरी थांबायचं. साहेबाने, खलाशाने, रस्त्यावरच्या पोराने. ड्रायव्हरने विचारायचं नाही. सुगंधाबाईंनी विचारलं नाही. डोंगा अलगद थांबला. डब्यातला एक खिळासुद्धा वाजला नाही.

मी पात्रात पाहिलं. धोका काही नव्हता. रुळावर दगड नाही, माणूस नाही, कुत्रं नाही. नुसतं ऊन.

मी उरकुडाजींकडे पाहिलं. धोका दाखवणारा माणूस ओरडतो, पुढे झुकतो, पाय नाचवतो. हे ताठ उभे होते. हात आकाशाकडे आणि डोळे मिटलेले.

तेवढ्यात काहीतरी बदललं, आणि काय बदललं ते मला लगेच कळलं नाही. आवाज कमी होत होता. आधी माझ्या मागचा हातोडा थांबला. मग समोरच्या शेडमधला. मग कानशी. नळ बंद केल्यावर थेंब विरळ होत जावेत तसे आवाज विरळ होत गेले आणि मग एकही राहिला नाही. त्या वर्कशॉपमध्ये कामाच्या वेळात मी शांतता कधी ऐकली नव्हती. दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली होती. टोप्या हातात. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे डोंग्याकडे बघत होते.

चिमणी पुन्हा खिडकीतून आत गेली.

"काय झालं हो?" ऐलवरून पुराणिक साहेबांचा आवाज आला. त्यांच्या आणि उरकुडाजींच्या मधे अख्खा डबा आडवा होता. त्यांना दिसत होती ती फक्त डब्याची पाठ, आणि उंचावरच्या खिडक्यांतून आकाश. "बंद पडली का?"

केबिनमधून सुगंधाबाईंनी वळून पाहिलं नाही.

"अहो बाई! बंद पडली का थांबवली?"

उत्तर नाही. एक शब्द पुरेसा होता. समोर हात आहेत, एवढं म्हटलं असतं तर त्यांच्यावरचा ठपका गेला असता. हात दाखवल्यावर थांबणं हा ड्रायव्हरचा गुण, दोष नव्हे. पण मग पुराणिक साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला असता. हात कोणी दाखवले, आणि कशासाठी? विनाकारण धोक्याचे हात दाखवणं हा लहान गुन्हा नव्हता. निवृत्तीच्या महिन्यात चौकशी लागली तर माणूस वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो. हे सुगंधाबाईंना माहीत होतं. त्या गप्प राहिल्या. दांड्यावरचा हात तसाच, नजर समोर.

पुराणिक साहेबांनी छत्री उघडली आणि पात्राच्या कडेने माझ्या बाजूला चालत यायला लागले. माझ्यापर्यंत पोचून दोन पावलं पुढे गेले असते तर डब्याच्या कडेवरून पैलचा काठ दिसला असता, आणि काठावर डोळे मिटून हात वर केलेला म्हातारा.

मी दारातून एक पाऊल पुढे झालो आणि त्यांच्या वाटेत उभा राहिलो.

"मी थांबवायला सांगितलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"भरलेली मधे थांबवून पुन्हा उचलायची. आमच्याकडे ते यायला लागतं."

"कागदावर नाही ते."

"नाही. शॉपमध्ये आहे."

त्यांनी छत्री जरा मागे केली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "इंगवले, सकाळी मी वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही 'बरोबर' म्हणालात."

"तुमचा कांदा बघत होतो साहेब. लक्ष नव्हतं."

"हं." त्यांनाही ती शांतता आता ऐकू आली असावी, कारण त्यांनी मान तिरकी केली. दारादारांतली माणसं त्यांनी पाहिली. "तुमच्याकडे दुपारी सगळे हातोडे एकदम थांबतात का हो?"

"ऊन आहे," मी म्हणालो.

"ते आहे." त्यांनी कपाळ पुसलं. "बरं. किती वेळ थांबवायची?"

"मी सांगेन तोपर्यंत."

"मग सांगा."

मी हात वर केला. सुगंधाबाईंना मी दिसत होतो. मी हाताने खूण केली, चला. त्या हलल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्या समोर बघत होत्या, पण उरकुडाजींकडेही नाही. केबिनच्या दाराकडे. जिथे शिडी होती तिथे. ओठ हलत होते असं मला वाटलं, पण झळांमुळे त्या दुपारी सगळंच हलत होतं.

हात वर ठेवून मी उभा राहिलो. पैलला उरकुडाजींचे हात कापायला लागले होते, कोपरापासून, मग खांद्यापासून. तरी ते खाली आले नाहीत. मला पहिल्यांदाच कळलं की ते स्वतःहून हात खाली घेणार नाहीत. तेही कशाची तरी वाट बघताहेत. मी वाट बघत होतो, पुराणिक साहेब वाट बघत होते, दारातली माणसं वाट बघत होती, आणि ती बाई रिकाम्या शिडीकडे बघत होती. तो राखाडी डबा त्या खोट्या पाण्यावर असा स्थिर होता की आता तो कधीच कुठल्या काठाला लागणार नाही, आम्ही सगळे म्हातारे होऊ आणि मोहाचा वास येत राहील, असं क्षणभर वाटलं. वाईट वाटलं नाही. नुसतं वाटलं.

"सांगितलंत ना तिला?" पुराणिक साहेब हळूच म्हणाले. ते हळू का बोलले ते त्यांनाच ठाऊक.

घंटा वाजली. एकदा.

मी हात खाली केला. पैलला उरकुडाजींचे हात खाली आले, आणि लगेच उजवा हात कमरेशी हलायला लागला. ये. ये. डोंगा निघाला. मागे हातोडा पडला, मग दुसरा, मग सगळे. टोप्या डोक्यावर गेल्या.

"इंगवले," पुराणिक साहेब म्हणाले, "तुमचा हात घंटेनंतर खाली आला."

"हो का?"

"हो." ते पुढे चालू लागले.

पैलच्या काठाशी उरकुडाजींचा हात आडवा झाला, मग नुसती बोटं हलली. डोंगा बोटांमागे आला. रुळाला रूळ भिडताना आवाज होतो, नेहमी होतो. डोमाजीच्या हातानेही थोडा व्हायचा. त्या दिवशीही झाला, आणि थोडा मोठाच झाला.

"लागला!" उरकुडाजी ओरडले. त्यांचा आवाज फाटला.

खीळ टाकणाऱ्याने खीळ टाकली. ती अडकली. पुराणिक साहेब वाकून बघत होते. खीळवाल्याने हात न लावता नुसतं फुंकर मारल्यासारखं केलं आणि खीळ आपल्या वजनाने खाली गेली.

"पहिल्या फटक्यात पडली की नाही?" मी विचारलं.

"पडली म्हणायची. जरा विचार करून पडली." साहेबांनी कागदावर लिहिलं. मग कांदा दुसऱ्या खिशात ठेवला आणि सुगंधाबाईंना म्हणाले, "बाई, डबा हलू न देता थांबवलात. ते मला जमलं नसतं. बाकी मी काही पाहिलं नाही, डबा आडवा होता."

ते संध्याकाळच्या गाडीने गेले. पेढे त्यांच्या पिशवीत कोणीतरी टाकले होते.

चहाच्या वेळी मी पैलच्या काठावर गेलो. उरकुडाजी उकिडवे बसून स्वतःचेच खांदे दाबत होते. शेजारी सुगंधाबाई बशीत चहा गार करत होत्या. मला बघून दोघं उठायला लागले. मी खाली बसलो, म्हणून तेही बसले.

"उरकुडाजी, हात का दाखवलेत?"

"घाम पुसत होतो जी."

"दोन्ही हातांनी? डोक्याच्या वर?"

"घाम लई होता."

बाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. उरकुडाजीही हसले. मग त्यांनी सांगितलं.

शॉपमधला माणूस गेला की डोंग्याला थांबा द्यायचा. कोण्या वर्षापासून ते माहीत नाही. मी आल्यापासून डोमाजीआधी शॉपमधलं कोणी गेलं नव्हतं, म्हणून मी तो कधी पाहिला नव्हता. भरला डोंगा मधोमध आणायचा, समोरच्याने दोन्ही हात वर करायचे, आणि सगळ्यांनी हत्यार खाली ठेवायचं. ना ऐल, ना पैल. माणसाला उतरायचं तिथे उतरू द्यायचं. उरकुडाजींनी कितीतरी जणांना थांबा दिला होता, आणि दर वेळी दांड्यावर डोमाजी होता. डोमाजी गेला तेव्हा दांड्यावर कोणी नव्हतं. उसन्या ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला, भरली गाडी मधे थांबवणं नियमात नाही.

"सगळ्याईले थांबा देल्ला त्यानं," उरकुडाजी म्हणाले. "त्यालेच राह्यला होता."

"मला का नाही सांगितलंत? मी थांबवली असती."

"साहेबाले सांगितलं का परवानगी मागा लागते. परवानगी मागितली का अर्ज करा लागते. अर्जात काय लिहू जी?"

मी मनात अर्जाची पहिली ओळ जुळवून पाहिली आणि सोडून दिली.

"पण तुमचे हात," मी म्हणालो. "किती वेळ ते? तुम्ही खाली का नाही घेतलेत? परीक्षा होती त्यांची."

"हात खाली घेणं माझ्या हातात नाही. थांबा देते तो समोरचा. उठवते ते घरचं माणूस. गेलेल्याचा पोरगा, भाऊ, कोणी असंल तो. त्यानं घंटा वाजवली का झालं." त्यांनी बाईंकडे बोट केलं. "घंटा हिच्या पायाखाली होती. हिले विचारा."

सुगंधाबाई बशीकडे बघत होत्या.

"मी मामाजीले म्हटलं होतं, आज नोको," त्या म्हणाल्या. "पण त्याईनं हात वर केलेच. थांबा तर लागलाच. मंग म्हटलं, लागला तर लागला."

"घंटा लगेच वाजवता आली असती."

"आली असती."

"मी खूण केली होती. तुम्ही पाहिलीत?"

"पाह्यली जी."

करंजाखालची सावली आता कुंपणापलीकडे लांब गेली होती. पात्रातलं पाणी ओसरलं होतं. नुसता खड्डा होता आणि त्यात रूळ. रंगशाळेत राखाडी डब्याला रंगाचा पहिला हात लागला होता, त्याचा तेलकट वास येत होता.

"रोज दुपारी मी तथी उभी राहे," बाईंनी कुंपणाकडे हनुवटी केली. "डबा घेऊन. ते डोंग्यावरून हात करत. मी म्हणो, थांबा ना जरा, गार होते. ते म्हणत, मधे थांबता येत नाही, मधे कोणाले उतरता येत नाही. बारा वर्षं हेच." त्यांनी बशी खाली ठेवली. "आज मधे थांबला. मी त्याईले म्हटलं, आता उतरा. आता मी चालवीन."

"मग?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. एवढी साधी गोष्ट साहेबाला सांगावी लागते याचं त्यांना जरा आश्चर्य वाटलं असावं.

"मंग काय? गुडघा दुखे ना जी त्याईचा. शिडी उतराले वेळ लागते."